सुंठवड्याचा मान

ज्या माणसाने उभी नोकरी लष्करी डेपोत खिळे, बादल्या आणि घोंगड्या तपासण्यात घालवली, त्याने निदान देवळात तरी जिभेला सुट्टी द्यावी. पण भिंगारच्या राममंदिरात रामजन्म झाला, गुलाल उडाला, आणि सूर्यभान खर्से यांनी हातावरचा सुंठवडा तोंडात टाकून डोळे मिटले. देवळातला गलका नेमका थांबला तेव्हाच त्यांचं वाक्य सुरू झालं.

"यात सुंठ कुठंय? खोबरं आणि साखर आहे नुसती."

हे वाक्य परात घेऊन उभ्या असलेल्या कानिफनाथ अण्णांनी ऐकलं. अण्णा म्हणजे देवस्थानचे पंच, पेठेतले किराणा दुकानदार, वर रेशनचं दुकानही त्यांचंच. सुंठवडा वर्षानुवर्षं त्यांच्या घरचा. अण्णा चिडले नाहीत. हसले. दुकानदार हसला की गिऱ्हाइकाने सावध व्हावं, पण सूर्यभानराव सरकारी नोकर होते.

"भाऊसाहेब, पुढच्या साली मान तुमचा," अण्णा म्हणाले. "खरी सुंठ कशी लागते ते आम्हालाही कळू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवासमोर बोलणं झालं. माघार नाही.

आणि खरं सांगायचं तर सूर्यभानरावांना माघार घ्यायचीच नव्हती. डेपोत साहेब येत, सलाम घेत आणि बदलून जात. कुणी कधी त्यांना 'बसा' म्हटलं नव्हतं. इथे देवाच्या पाळण्याशेजारी उभं राहायचं, सगळ्या भिंगारने रांगेने येऊन आपल्यापुढे हात पसरायचा! त्या रात्रीपासून ते आरशासमोर परात धरल्यासारखे हात करून उभे राहू लागले. चांगुणाबाईंनी विचारलं, "अहो, कंबर धरलीय का?"

*

त्या साली पाऊस पडला नाही. पावसाचं एकेक नक्षत्र कोरडं गेलं. विहिरींनी तळ दाखवला आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी आली. परदेशातून बोटीने आलेली ही ज्वारी भिंगारकरांच्या पोटात गेली की तिथेच मुक्काम ठोकायची. भाकरी थापली तर चिरायची, भाजली तर वातड व्हायची, खाल्ली तर संध्याकाळपर्यंत पोटात नगारा. माणसं एकमेकांना रामराम करण्याआधी ढेकर द्यायची.

एवढ्या दुष्काळात देव सुंठवड्याचं विसरेल, असं चांगुणाबाईंना वाटलं. देव विसरला असता. अण्णा विसरले नाहीत. रेशन घ्यायला गेलं की ते गोणीआडून विचारत, "काय भाऊसाहेब, सुंठीचं कुठवर आलं?"

आता अडचण अशी, की बाजारात सुंठ होती ती अण्णांच्याच दुकानात. त्यांच्याकडून विकत घेऊन त्यांनाच खाऊ घालायची? सूर्यभानराव म्हणाले, "मी सुंठ करीन. घरी. आल्यापासून."

"तुम्हाला येते?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"आलं वाळवलं की सुंठ होते. त्यात येण्यासारखं काय आहे?"

जगातल्या पुष्कळ आपत्ती याच वाक्याने सुरू होतात.

राहुरीला चांगुणाबाईंचा भाऊ कारभारी शेती करी. कालव्याच्या कडेला उसाच्या सावलीत त्याने आल्याच्या थोड्या सऱ्या जगवल्या होत्या. होळीच्या सुमाराला तो यष्टीच्या टपावरून गोणी घेऊन उतरला.

"दाजी, घ्या. तोंडचं पानी तोडून जगवलंय. ह्याला वाया नका घालवू."

"वाया? अरे, देवाच्या कामाला आहे!"

"त्येच म्हनतो मी," कारभारी म्हणाला आणि गोणीकडे पोर सासरी धाडल्यासारखं बघत परत गेला.

*

गोणी रिकामी केल्यावर कळलं की आलं धुवावं लागतं. पाणी नळाला एकाआड एक दिवस येत होतं. मग कळलं की ते सोलावंही लागतं. एकेका गड्ड्याला इतकी बोटं, इतक्या खाचा, की चांगुणाबाई म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा पोराला न्हाऊ घालणं सोपं." दोघं नवराबायको बांबूच्या कामट्या घेऊन रात्रंदिवस साल खरवडत बसले. हाताची आग डोळ्यांना लागली, डोळ्यांची नाकाला. शेवटी नाकाने राजीनामा दिला. दोघांनाही चहाला, साबणाला, उशीला, एकमेकांना एकच वास येऊ लागला. मग तो वास येतोय हेही कळेनासं झालं.

ही नाकाची गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. पुढे तिच्यावाचून पटणार नाही.

मग आलं सरकारी क्वार्टर्सच्या गच्चीवर जुन्या धोतरावर पसरलं. आणि गच्ची सगळ्यांची होती.

*

गच्चीवर ऐकू आलेलं, जसंच्या तसं:

"भाऊसाहेब, एवढासा तुकडा घेते हं. ह्यांचा खोकला."

"घ्या."

"मी विचारत न्हाई, उचलते. आमच्या सुनंला सकाळी उठलं की उलट्या व्हत्यात. आल्याचा रस न मध. लगीच बसतंय पोटात." या खालच्या मजल्यावरच्या छबूबाई. त्या खरंच विचारत नसत.

"उद्या यष्टीनं संगमनेरला चाललोय. बसलं की मळमळतं. दाढेखाली धरायला एक चकती द्या."

"जेवायच्या आधी मिठासंगं चघळा, भूक लागते."

"आता भूक लागून काय करायचं? मिलोच खायची ना?"

"गुडघ्याला लावायला पाहिजे होतं. तेलात उकळून."

"बाळगुटीत सुंठ उगाळायची असते, काकू म्हणाल्या तुमच्याकडे आहे."

"अहो, अजून तिची सुंठ झाली नाही."

"माझं डोकं धरलंय. सुंठेचा लेप द्यायचा होता."

"सांगतोय ना, अजून पुरती वाळली नाही! अर्धवट झालीय."

"चालेल. डोकंही अर्धंच दुखतंय."

*

सूर्यभानरावांना नाही म्हणता येत नव्हतं. एकतर देवाचं काम. दुसरं म्हणजे जो तो येऊन आल्याचा एकेक गुण सांगे आणि त्यांची छाती फुगे. जणू ते गुण आल्याचे नव्हते, खर्से घराण्याचे होते. ते स्वतःही लोकांना जिन्यात अडवून सांगू लागले की आल्याने वात जातो, कफ सुटतो, आवाज उघडतो. जिन्यातून लोक भराभर उतरू लागले. सांधे सुटल्याचा तो परिणाम असावा.

एवढ्यात क्वार्टर्सचा ओव्हरसियर आला. गच्चीवर विनापरवाना वस्तू ठेवल्याबद्दल त्याने तोंडी ताकीद दिली. सूर्यभानराव दुखावले. आपणही सरकारचे, हाही सरकारचा.

"नियमात पापड-कुरडया वाळवायला परवानगी आहे," ते म्हणाले.

"हे पापड आहेत?"

"नाहीत. पण वाळतायत."

"भाजीपाला असेल तर मनाई आहे. औषध असेल तर वेगळी मंजुरी. कशात धरू?"

बराच खल झाला. आलं जमिनीखाली येतं म्हणून भाजी. काढा होतो म्हणून औषध. चहात पडतं म्हणून काहीच नाही. शेवटी ओव्हरसियरला ठसका लागला. चांगुणाबाईंनी वर आल्याचा चहा आणून दिला. तो पिऊन झाल्यावर त्याने निकाल दिला, "पापडात धरतो." जाताना घशासाठी मूठभर पापड त्याने खिशात घातले.

आणि मग, ऐन उन्हाळ्यात, आलं आटायला लागलं. रोज संध्याकाळी सूर्यभानराव वर जात आणि धोतर मोठं झाल्यासारखं दिसे. गोणीभर आल्याची शेवटी झाली एक लहान डबाभर सुंठ. गेली कुठे? थोडी उन्हात गेली, थोडी शेजाऱ्यांच्या छातीत, गुडघ्यात आणि कपाळांत. चांगुणाबाई म्हणाल्या, "उरली हेच नशीब."

"उरली ती अस्सल आहे," सूर्यभानराव म्हणाले. अस्सल शब्द ते अलीकडे अण्णांच्या दुकानाकडे तोंड करून उच्चारत.

*

रामनवमीच्या आदल्या दिवशी सुंठ कुटायला घेतली. खलबत्त्यात ती कुटली जाईना. बत्ता पडला की चामड्यासारखी चपटी होई आणि उचलला की पुन्हा अंग वर काढी. खालून छबूबाई ओरडल्या, "भिंत पाडताय का वो?" मिरची-मसाल्याच्या कांडपात न्यावी, तर देवाच्या प्रसादाला तिखटाचा वास. राहिली फक्रुद्दीनची पिठाची गिरणी.

फक्रुद्दीन भिंगारच्या जुन्या बाजारात गिरणी चालवी. पिठाने त्याच्या भुवया कायम पांढऱ्या असत, त्यामुळे तरुणपणीच त्याला चाचा म्हणत.

"चाचा, ही देवाची सुंठ. तुझ्या जात्यात दुसरं काही अडकलेलं नाही ना?"

फक्रुद्दीनचा अपमान झाला. "भाऊसाहेब, आपलं जातं म्हंजे आरसा! येक दाना र्‍हात न्हाई आत. वर घातलं ते खाली आलं. बोला रामाचं नाव."

मागे बायकांचे डबे रांगेत होते, सगळे मिलोचे. कारण रात्रीची भाकरी व्हायची होती, उद्या गिरणी बंद आणि उपास झाला की परवाही भाकरी लागणारच. सूर्यभानरावांना देवाच्या कामाला म्हणून पुढे घेतलं. फक्रुद्दीनने पट्टा चढवला. गिरणी धडधडू लागली. सूर्यभानरावांनी डबा वर उपडा केला, सुंठ जात्याच्या तोंडात गेली, खाली नळीला कापडी पिशवी बांधलेली, पिशवीखाली डबा, आणि आता पहिली भुकटी पडणार तोच

वीज गेली.

वाक्य पुरं करायला वीज लागते. ती दुष्काळात धरणाला पाणी नसल्यामुळे केव्हाही जाई आणि केव्हाही येई. सूर्यभानराव तासाची सवलत घेऊन आले होते आणि डेपोत साहेबांची तपासणी होती. ते थोडा वेळ जात्याकडे बघत बसले. सुंठ पोटात घेऊन जातंही बसलं. मग ते उठले.

"चाचा, माझा डबा काळजीने भर. संध्याकाळी नेतो."

"तुमी बिनघोर जावा."

संध्याकाळी डबा तयार होता. काठोकाठ.

"लई गर्दी केली बायांनी," फक्रुद्दीन कपाळ पुसत म्हणाला. "वीज आली न समद्या येकदम वर चढल्या. येकीचं संपायच्या आत दुसरी ओतती. पन तुमचा डबा भरून ठिवला बगा."

डबा हाताला जड लागला. दिली त्याहून जास्त सुंठ परत आली होती. सूर्यभानरावांनी झाकण उघडून वास घेतला. त्यांना सुंठेचा वास आला. त्यांना भिंतीलाही सुंठेचा वास येई. रंग तपकिरी-तांबूस, अस्सल. घरी चांगुणाबाईंनी विचारलं, "एवढी कशी वाढली?"

"खोटी असती तर कमी झाली असती."

चांगुणाबाई कामाला लागल्या. त्यांनी खोबरं किसलं, साखर दळली, खसखस भाजली आणि परातभर सुंठवडा कालवला. चव कुणी बघितली नाही. देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य उष्टा कोण करणार? सूर्यभानरावांनी परातीवर रेशमी फडकं घातलं आणि रात्री दोनदा उठून त्याला नमस्कार केला.

*

रामनवमीला सकाळपासून देवळात रीघ होती. कीर्तन रंगात आलं होतं, पाळण्याची दोरी फुलांनी मढवली होती, पाळण्याशेजारच्या पाटावर परात, आणि परातीमागे इस्त्रीचा सदरा घालून सूर्यभान खर्से. इतकं चांगलं चाललं होतं की त्यांना कान द्यायची सवड मिळाली.

मागच्या बाजूला लोक कानिफनाथ अण्णांना घेरून उभे होते.

"अण्णा, ह्या खेपेची मिलो काय झकास काढली तुम्ही!"

"काल रातीच्या भाकरीला काय वास व्हता! अन् पोट आसं हलकं!" छबूबाई म्हणाल्या. "सुनंनं दोन भाकरी खाल्ल्या न येक उलटी न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं तर ढेकरच दिला न्हाई, मी हलवून बघितला."

"आमच्याकडेही तसंच. जरा तिखटसर लागते, नाही?"

अण्णांना त्यात काय झालं ते कळलं नव्हतं. त्यांची मिलो तीच, गोण्या त्याच. पण वर्षभर शिव्या खाल्लेल्या माणसाच्या अंगावर कौतुक पडलं तर तो ते झटकत नाही.

"मुद्दाम निवडून आणली," ते म्हणाले. "म्हटलं, सणाचे दिवस आहेत."

परातीमागे सूर्यभानराव हसले. तिखटसर मिलो! मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. डेपोतल्या नोकरीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती: एका कोठारात माल जास्त निघाला की दुसऱ्यात तो कमी असतोच. सगळ्या गल्लीच्या भाकरीत जर सुंठ निघाली, तर

त्यांनी परातीकडे पाहिलं.

डबा जड का होता ते त्यांना कळलं. रंग तांबूस का होता तेही. वीज आल्यावर बायांनी वरून ओतलेल्या मिलोत त्यांची चिवट सुंठ जात्यातून जराजरा सुटत गल्लीभर वाटली गेली होती, आणि त्यांच्या डब्यात जी आली होती ती निवडून आणलेली मिलो होती.

यापुढचा विचार आणखी वाईट होता. आज उपास. निम्मं भिंगार निरंकार, उरलेलं फळांवर. सुंठवडा उपासाला चालतो. ज्वारी चालत नाही. या परातीत सबंध गावाचा उपास मोडून ठेवलेला होता, वर रेशमी फडकं घालून.

त्यांनी बायकांमध्ये बसलेल्या चांगुणाबाईंकडे बघून खूण केली. चांगुणाबाईंना वाटलं, टोपी नीट आहे का विचारतायत. त्यांनी मान डोलावली. सूर्यभानरावांनी कीर्तनकारांकडे बघून हात वर केला. कीर्तनकारांना वाटलं, वेळ झाली. त्यांनी टाळ उंचावला, घंटा घणघणली, पाळणा हलला, गुलाल उडाला, आणि राम जन्मला. जगातला कुठलाही अर्ज आता चालणार नव्हता. नैवेद्य दाखवला गेला आणि रांग लागली.

सूर्यभानरावांनी चिमूट घेतली. मुंगीलाही कमी पडेल अशी.

"भाऊसाहेब, मान घेतला न हात आखडला?"

"उपास आहे का तुम्हाला?"

"हाय की!"

"मग जास्त नको. सुंठ उष्ण असते."

"आवो, जिन्यात तर सांगत व्हता अमृत हाय म्हनून!"

रांग कुरकुरू लागली. तेवढ्यात पंचाच्या मानाने अण्णा पुढे आले. सगळ्या देवळाने माना उंचावल्या. वर्षभर या क्षणाची वाट बघणारे बरेच होते. अण्णांनी ओंजळ केली. पंचाला चिमूट कशी द्यायची, म्हणून सूर्यभानरावांनी मूठ भरली आणि नको तेवढा सुंठवडा ओंजळीत पडला.

अण्णांनी तो तोंडात टाकला. चावला. थांबले.

रेशन दुकानदार प्रत्येक गोणीतला दाणा चावून बघतो. अण्णांच्या जिभेने वर्षभर दुसरं काही ओळखलंच नव्हतं. त्यांचे डोळे सावकाश वर आले आणि सूर्यभानरावांच्या डोळ्यांना भिडले. सूर्यभानरावांनी मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला घेतला. कुठेही. सीमेवर.

पण अण्णांनी घास तोंडातच धरला. कारण तेही आता हिशेब मांडत होते. यात मिलो आहे म्हणावं, तर सुंठ कुठे गेली हा प्रश्न येणार. सुंठ भाकरीत सापडणार. आणि निवडून आणलेल्या मिलोचं काय? शिवाय घास तोंडात होता, आणि उपास त्यांचाही होता.

तेवढ्यात छबूबाईंनी रांगेत घुसून परस्पर परातीत हात घातला, तोंडात टाकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आगं बया! ह्याला तर आमच्या कालच्या भाकरीवानी चव हाय!"

देवळात टाचणी पडली असती तर लोकांनी तिला गप्प बस म्हटलं असतं.

कानिफनाथ अण्णांनी घास गिळला. मोठ्याने. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं बाई, चव देवाची. तो आज प्रसादात आहे, काल भाकरीत होता. दुष्काळात त्यालाही एकाच ठिकाणी राहून भागत नाही."

"आसं व्हय!" छबूबाई म्हणाल्या आणि आणखी मूठभर घेतलं. "चांगला झालाय पन. पोटभरीचा." मागून कुणीतरी जय म्हटलं, आणि रांग पुढे सरकली.

अण्णा परातीला वळसा घालून सूर्यभानरावांच्या शेजारी येऊन उभे राहिले. तोंड लोकांकडे, हसू जसंच्या तसं.

"ज्वारी आहे ना यात?" ओठ न हलवता त्यांनी विचारलं.

"मिलो," सूर्यभानराव ओठ न हलवता म्हणाले.

"कुठल्या दुकानची?"

"आपल्याच."

अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि परातीची एक बाजू धरली.

"मग थोडं सरका, भाऊसाहेब. निम्मा मान माझा."